अकरा ठिपके

नाशिकला रविवार कारंजावरून आत वळलं की एका बोळात आमचं डीटीपीचं दुकान होतं. आमचं म्हणजे मालकांचं. मी पगारी ऑपरेटर. पण मालक दिवसभर छापखान्यांच्या चकरा मारत असत, त्यामुळे खुर्ची, पंखा आणि कॉम्प्युटर या तिन्हींवर राज्य माझंच. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बिलबुकं, रबरी शिक्के, जे येईल ते मी करायचे. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि माउस धरता येणारी मुलगी म्हणजे कोणीतरी विशेष, असं लोकांना वाटायचं. लोकांपेक्षा मला जास्त वाटायचं.

खरं सांगायचं तर माझ्या कामात माझं असं फार थोडं होतं. गणपती तयार चित्रांच्या सीडीतला, कलश सीडीतला, सनईवाले सीडीतले. वधू-वरांची नावं बदलायची, कलश उजवीकडचा डावीकडे न्यायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, तुमच्यासाठी खास डिझाइन केलंय. ते खूश, मी खूश. कोणी "जरा मोठं करा, नको, जरा लहानच बरं" असं सुरू केलं की माझं डोकं फिरायचं. मग मी काहीच न बदलता नुसता माउस हलवायचे आणि विचारायचे, "आता?" गिऱ्हाईक म्हणायचं, "हां, आता कसं छान दिसतं!" असल्या चलाख्यांवर माझी कॉलर ताठ असायची.

एका दुपारी पन्नाशी ओलांडलेली एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर मोठं कुंकू. आत यावं की नाही याचा अंदाज घेत होती.

"शिक्क्याचं चित्र तूच काढतेस का?"

"मीच काढते. कसला शिक्का? दुकानाचा, सोसायटीचा?"

"हाताचा," ती म्हणाली, आणि डावा हात काउंटरवर पालथा न घालता उताणा ठेवला.

कोपरापासून मनगटाकडे जाणारं हिरवट गोंदण होतं. कोपराच्या बाजूला सात शिखरांचा डोंगर, मनगटाच्या बाजूला एक विहीर, आणि दोन्हींच्या मधे एका ओळीत ठिपके. बाई गोंदणारी होती. मखमलाबादच्या बाजूला राहायची आणि बॅटरीवरचं मशीन घेऊन जत्रांतून बसायची. गोंदायला तिला सासूनं शिकवलं होतं, पण हे चित्र तिचं स्वतःचं होतं. लग्न होऊन आल्यावर तिनं ते पहिल्यांदा आपल्याच हातावर घातलं होतं.

"हा देवीचा गड," ती बोट ठेवत सांगू लागली. "बाईचं माहेर कुठंबी असू दे, माहेर म्हंजी गड. आई तिथंच बसलेली हाय ना. ही विहीर म्हंजी सासर, पाणी तिथलं भरायचं. आन हे मधले ठिपके म्हंजी मधली गावं. माझं माहेर वणीच्या पल्याड. तिथनं हितं नऊ गावं लागतात, म्हणून नऊ ठिपके. ह्या चित्राला बाया रस्ता म्हणतात."

"म्हणजे प्रत्येकीचे वेगळे?"

"वेगळेच. बाई समोर बसली की मी आधी ईचारते, माहेर किती गावं लांब? मंग ती बोटावर मोजीत बसती. हे गाव, मंग ते गाव, मंग नदी, नदी धरायची का? कुणी मोजता मोजता हसती, कुणी रडती. जेवढी गावं तेवढे ठिपके. सिन्नरच्या एकीला दोनच घातले, ती म्हणाली, मावशी, आणखी दोन घाला, मला सासरच्यांपासून लांबचं माहेर पायजेल होतं."

मी हसले. तीही हसली. मग तिनं काम सांगितलं. तिच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं होतं. गड आणि विहीर हातानं नीट उमटत नव्हती. तिला दोन रबरी शिक्के हवे होते, एक गडाचा, एक विहिरीचा. ते शाईत बुडवून हातावर उमटवायचे आणि त्या रेघांवरून सुई फिरवायची.

"मधली जागा मोकळी. ठिपके माझी मी घालीन. ते आंधळी झाले तरी येतील."

जाता जाता ती पुन्हा मागे वळली. "आन एक आईक. हे चित्र माझ्याबिगर कुणाला द्यायचं नाय. जत्रेत रांगेनं मशिनी बसतात. बदाम, विंचू, ओम, नाव, समदे तेच घालतात. बाया माझ्याकडं येतात त्या ह्याच्यासाठी. हे गेलं तं माझ्याकडं कोण येईल?"

"मी कुणाला देऊ, मावशी?" मी म्हटलं. "इथं कोणाला हवंय तुमचं गोंदण!"

असं बोलले मी. आज ते वाक्य आठवलं की माझाच मला राग येतो, पण तिनं ते वचन समजून मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी यायची. असलं चित्र माझ्या एकाही सीडीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी तिचा हात चक्क स्कॅनरच्या काचेवर ठेवला. झाकण लागेना, म्हणून वरून टॉवेल टाकला. दिवा सरकायला लागला तशी तिनं डोळे गच्च मिटून घेतले, सुई तिला कधी घाबरवू शकली नसेल, पण त्या उजेडाला ती घाबरली. स्क्रीनवर आला तो नुसता करडा, फुगलेला, कडा पसरलेला डाग. त्याच्यावरून एकेक रेघ मला नव्याने ओढावी लागली. एक टोक धरायचं, वळण द्यायचं, सोडायचं, चुकलं की मागे जायचं.

मी आधी सातही शिखरं एकाच मापाची केली. एक काढलं आणि सहा वेळा कॉपी. मला वाटलं, काय सुबक झालंय. ती स्टुलावरून पुढे वाकली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "तिसरं ठेंगणं हाय. आन हे पाचवं जरा मागं बसतं." मी कुरकुर करत बदललं. मग रेघा तिला जाड वाटल्या. "कातडीवर रेघ फुगती, पोरी. कागदावर छान दिसतं ते दोन वर्सांत हातावर चिखल होतं. बारीक ठेव, आन दोन रेघांमधी जागा ठेव." मला हे कोणी शिकवलं नव्हतं. पत्रिकेच्या कागदाला कधी वय होत नाही, त्यामुळे असा विचार मी कधी केलाच नव्हता.

चौथ्या दिवशी गड आणि विहीर अशी काही जमून आली की मला राहवेना. ती दोन्ही चित्रं मी एका ओळीत मांडली. मधली मोकळी जागा डोळ्यांना खुपायला लागली. आम्हा डीटीपीवाल्यांचा तो रोगच असतो, रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. मी एक ठिपका काढला, त्याच्या कॉप्या केल्या आणि दोन्हीकडे सारखं अंतर सोडून बसवल्या. दहा घातले तर मधोमध फट दिसत होती, बारा गर्दी करत होते. अकरा अगदी बरोबर बसले.

"ते मधी काय घातलंस?" तिनं विचारलं.

"नुसतं बघायला. किती छान दिसतंय बघा ना. प्रिंट काढताना काढून टाकते."

"काढ बरं का," ती म्हणाली.

मी काढलं. गडाची आणि विहिरीची वेगवेगळी प्रिंट काढून तिला दिली, दहीपुलाजवळच्या शिक्केवाल्याचा पत्ता सांगितला. इथपर्यंत मी वचन पाळलं. फक्त ती अकरा ठिपक्यांची फाईल मी पुसली नाही. उलट माझं स्वतःचं नाव देऊन सेव्ह करून ठेवली.

तेव्हा छपाईच्या प्लेटा करून देणाऱ्याकडे नाशिकभरातले ऑपरेटर बटर पेपरवरची प्रिंटं घेऊन जमायचे. नंबर लागेपर्यंत तासभर जायचा. तिथं सगळे पुरुष, मी एकटी मुलगी. ते एकमेकांना फाईली द्यायचे-घ्यायचे, नवीन बॉर्डर आली का, नवीन फाँट आला का, आणि मी भिंतीला टेकून उभी राहायचे. कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या दुकानातला ऑपरेटर या सगळ्यांचा गुरू होता. त्याच्याकडे कलर प्रिंटर होता आणि त्याचं काम खरंच चांगलं असायचं. माझ्याकडे त्यानं तोवर कधी वळूनही पाहिलं नव्हतं.

एके दिवशी माझ्या पत्रिकांच्या कागदांत त्या अकरा ठिपक्यांच्या चित्राचं प्रिंट होतं. मी ते मुद्दाम वर ठेवलं होतं, आता खोटं कशाला बोलू.

"हे कुठल्या सीडीतलं?" त्यानं विचारलं.

"सीडीतलं नाही. मी काढलंय."

त्यानं कागद उजेडात धरला. बाकीचेही डोकावले. "हात चांगला आहे तुझा," तो म्हणाला. "फाईल दे ना फ्लॉपीवर."

आमच्या धंद्यात फाईल मागितली जाणं म्हणजे शाबासकी. माझ्याकडे कोणी कधी फाईल मागितली नव्हती. त्या मावशीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला नाही असं नाही. आला. "हे गेलं तं माझ्याकडं कोण येईल" हेही ऐकू आलं. पण मी स्वतःची समजूत घातली की हा पत्रिकेच्या कडेला वापरेल, हा काय गोंदणार आहे? दुसऱ्या दिवशी फ्लॉपी नेऊन दिली. ती देताना हे चित्र एका गोंदणाऱ्या बाईचं आहे, एवढंही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शाबासकी वाटली गेली असती.

पुढे ते जिकडे तिकडे दिसू लागलं. पहिल्यांदा एका लग्नपत्रिकेच्या कडेला दिसलं तेव्हा मला आनंद झाला, हे लपवून उपयोग नाही. मैत्रिणीला दाखवलं, हे माझं. मग राखीच्या पाकिटावर दिसलं. मग साड्यांच्या दुकानाच्या पिशवीवर. कुणाकडून कुणाकडे गेलं याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. आमच्या फाईली अशाच फिरायच्या, आणि मीही आयुष्यभर दुसऱ्यांच्याच वापरत आले होते. मग एकदा शिक्केवाल्याकडे गेले तर काचेच्या कपाटात तयार शिक्का मांडलेला. गड, अकरा ठिपके, विहीर, सगळं एकाच लाकडी मुठीला. "गोंदणवाले नेतात," तो म्हणाला. "लय खप आहे." मी तशीच घरी आले आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नाही.

चैत्रातली गडाची यात्रा उलटल्यावर ती मावशी दुकानात आली. या वेळी पायरीशी थांबली नाही, सरळ येऊन स्टुलावर बसली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "माझं चित्र समद्या मशिनींवर आलं, पोरी."

मी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"एक नवी नवरी बसली माझ्यापुढं. शेजारच्या मशीनवरनं रस्ता घालून आलेली, तिला नाव पायजेल व्हतं. हातावर पाहिलं तं अकरा ठिपके. मी म्हटलं, माहेर लय लांब दिसतं तुझं. तं म्हणती, नाय मावशी, त्याच गल्लीत हाय. चार घरं सोडून." ती हसली, पण ते हसू लगेच विरलं. "पुढची तीबी अकरा. तिच्या पुढची तीबी अकरा. एकीलाबी कुणी ईचारलं नव्हतं."

मला तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मालक बाहेर होते, पंखा फिरत होता, ती माझ्यासमोर हातभर अंतरावर बसली होती.

"कुणी चोरलं असंल," तीच म्हणाली. "तुझ्या ह्या मशीनमधून. चोरतात म्हणे."

"चोरतात," मी म्हटलं.

"तुझी एवढी मेहनत. चार दिवस बसली व्हतीस. तुलाबी वाईट वाटलं असंल."

"हो," मी म्हणाले.

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे. पत्रिका उद्या मिळेल, प्रिंटर बिघडलाय, मालक आत्ताच बाहेर गेलेत. पण त्या एका "हो"ची लाज मला अजून जात नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला दिसत नाही म्हणून अशी बघते.

मग ती म्हणाली, "आता मला दुसरं काढून दे. जे कुणाकडं नाय असं."

मला हायसं वाटलं आणि मी कामाला लागले. आता हिला असं काही काढून देईन की मागचं सगळं फिटेल, असा माझा आव. मोर काढला. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "हा पत्रिकेवर असतो." तुळशीवृंदावन काढलं. "हे समद्यांकडं हाय." द्राक्षाचा घड काढला, नाशिकचा म्हणून. "हा पेटीवर असतो." एक वेल काढली, तिला चांदण्या जोडल्या, त्या पुसल्या, पानं जोडली. जे जे मी काढत होते ते ते कुठंतरी पाहिलेलं निघत होतं, आणि तिला ते माझ्याआधी कळत होतं. "हेबी कुणाचंतरी हाय, बाई," ती दर वेळी सांगायची, रागानं नाही, नुसतं ओळख पटल्यासारखं. दोन-अडीच तास असे गेले. शेवटी माझा हात माउसवर तसाच राहिला. माझ्याजवळ द्यायला माझं असं काहीच नव्हतं, आणि हे मला तिच्यासमोर कळलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. तरी लगेच उठली नाही. आणखी बराच वेळ बसून राहिली. मग पिशवी उचलून गेली आणि परत कधी दुकानात आली नाही.

पुढे माझं लग्न झालं आणि मी इगतपुरीला गेले. दुकान सुटलं. नंतर ऐकलं की मालकांनी ते बंद करून मोबाइलची रिचार्ज कुपनं विकायला सुरुवात केली. लग्नाला तीन-चार वर्षं झाल्यावर सासूबाईंबरोबर गडावर गेले. चैत्राची गर्दी होती. दर्शन घेऊन खाली उतरल्यावर सासूबाई प्रसादाच्या दुकानापाशी टेकल्या, आणि मी गोंदणाऱ्यांच्या रांगेच्या कडेकडेनं चालू लागले. तिलाच शोधत होते. एवढ्या वर्षांत मनात हजार वेळा तिच्यापुढे बसून बोलून झालं होतं.

ती रांगेच्या शेवटी होती. जाड भिंगांचा चष्मा, समोर गोणपाट. इतरांपुढे मुली दाटीवाटीनं उभ्या होत्या, तिच्यापुढे कोणी नव्हतं. मी जाऊन बसले आणि हात पुढे केला. तिनं वर पाहिलं नाही.

"काय घालू? नाव, ओम, का रस्ता?"

"रस्ता," मी म्हणाले.

तिनं डब्यातून शिक्का काढला. तिचे ते दोन सुटे शिक्के नव्हते. हा एका मुठीचा, तयार मिळणारा. शाईत दाबून तिनं तो माझ्या हातावर उमटवला. गड, अकरा ठिपके, विहीर. तिसरं शिखर ठेंगणं, पाचवं जरा मागे.

"माहेर किती गावं लांब, ते विचारत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"आता कोण ईचारतं, बाई. अकराच असतात. कमी घातले तं पोरी म्हणतात, मावशी, तुमचं चुकलं."

तिनं कातडी ताणून धरली आणि मशीन सुरू केलं. सुई गडावरून फिरली, मग ठिपक्यांवर आली. मी मोजत होते. नाशिकहून सासरी येताना मोठी गावं मी पाच धरली होती. पाचवा ठिपका पडला आणि मला पुढे गप्प बसवेना.

"मावशी, ती फाईल चोरीला गेली नव्हती. मी दिली होती."

मशीन थांबलं. तिनं फडक्यानं शाई टिपली. मग चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं.

"मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तवापासूनच. अकरा ठिपके मी जल्मात कुणाला घातले नव्हते. तुझ्या त्या टीवीवर पाहिले व्हते तेवढेच." भिंगांमागे तिचे डोळे मोठे दिसत होते. "जत्रेत ती नवरी बसली, तवाच समजले."

"मग दुकानात येऊन चोर चोर का म्हणत होता?"

"तू सांगशील म्हणून," ती म्हणाली. "लय वेळ बसले व्हते मी त्या दिशी. दुसरं चित्र मला नको व्हतं. तू बोलशील, मंग जाईन, म्हणून बसले. माझी गाडीबी गेली."

मी रडायला लागले. आजूबाजूच्या मुलींना वाटलं सुई लागली. तिनं माझा हात पुन्हा आपल्या गुडघ्यावर ओढून घेतला.

"किती गावं तुझी?"

"पाच."

"पाचावर थांबू? बाकीची नुसती शाई हाय, पुसली की जाती."

"नको," मी म्हणाले. "अकरा घाला."

"हात सैल सोड," ती म्हणाली, आणि राहिलेले सहा तिनं एकेक करून घातले.